दाणा नेला, चुना विसरले!

मुलाच्या नोकरीनिमित्त आम्ही उभयता गेलं वर्षभर मेक्सिकोतल्या केरेतारो शहरी राहतो आहोत. नातेवाइकांचे फोनवरचे दोन प्रश्न ठरलेले. एक, "अमेरिकेत नाही का मिळाली नोकरी?" आणि दुसरा, "तिकडे सगळं मागासलेलंच असेल ना हो?" पहिल्याचं उत्तर मुलाने द्यावं. दुसऱ्याचं मी देते, आणि जरा रागानेच देते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तोर्तियांचं दुकान आहे. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ, लहान भाकरी. ती इथे किलोवर मिळते. दुपारी लोक घरून धुतलेलं फडकं घेऊन रांगेत उभे राहतात आणि गरम चवड त्यात गुंडाळून नेतात. मीही जाते. दुकानाच्या बाईंनी एकदा मला आत बोलावून मागची मोठाली पातेली दाखवली. माझं स्पॅनिश म्हणजे दहा शब्द आणि बाकी हातवारे, पण स्वयंपाकाचं बोलणं बायकांना कळतंच.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. हो, आपण पानाला लावतो तोच चुना! रात्रभर तसाच मुरू देतात. सकाळी पाणी ओतून दाणे चोळून धुतले की सालं सुटतात. मग तो ओलाच दळायचा. पूर्वी हे काम मेतातेवर होई. मेताते म्हणजे थेट आपला पाटा-वरवंटा. या चुन्यातल्या मक्याला निश्तमाल म्हणतात, आणि ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

चुना कशाला? मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं जखडलेलं असतं की नुसता मका खाऊन अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो. शिवाय कॅल्शियम मिळतं, आणि पीठ चिकट होऊन भाकरी तुटत नाही.

आता पुढचं ऐका. स्पॅनिश लोकांनी इथून मका युरोपात नेला. दाणा नेला, कृती इथेच राहिली. जिंकलेल्या 'रानटी' लोकांच्या चुलीपाशी बसून कोण शिकणार? मका भरपूर पिकला, गरिबांचं पोट त्याच्यावरच भरू लागलं, आणि १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याला एक नवाच रोग दिसला. पुढे इटलीत त्याला नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी. आधी कातडी जाते, मग पोट बिघडतं, मग डोकं आणि शेवटी माणूस. खुद्द अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या रोगाने लाखभर माणसं गेली असा अंदाज आहे. हा संसर्ग नाही, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून सांगत होते. तरी नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ उजाडलं. इकडे मेक्सिकोतल्या निरक्षर बाया मुकाट्याने रोज मक्यात चुना घालत होत्या.

सांगा मंडळी, मागास कोण?

"पण तिथे टोळ्या आहेत, खून होतात," असं कुणी म्हणेल. आहेतच, आणि इथली माणसंच ते सर्वांत जास्त भोगतात. पण एवढ्यावर अख्ख्या देशाला निकालात काढायचं, तर आपल्या देशाबद्दलही परके काय काय म्हणतात, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. दसऱ्याला दाराला झेंडू बांधता ना? तो मूळचा इथला. ठेच्यातली मिरची इथली. टोमॅटो हा शब्दसुद्धा इथल्या नावात्ल भाषेतून आलेला. ती भाषा २०२०च्या जनगणनेनुसार आजही सोळा लाखांवर माणसं बोलतात. घ्यायला सगळं हवं, फक्त देणाऱ्याला नाव ठेवायचं!

मी पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. आजीबाईंचं सगळंच खरं, असा माझा दावा मुळीच नाही. जुन्या गोष्टी तपासून घ्याव्यात, चुकीच्या टाकून द्याव्यात. पण तपासायला आधी विचारावं लागतं. 'मागास' हा शब्द नेमका तिथेच घात करतो. तो उच्चारला की प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

मेक्सिकोने २०२५ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला बंदी घातली. निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण आपल्या धान्याची एवढी चाड असणारा देश मला तरी मागास वाटत नाही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आणि नाचणीची आंबील 'गरिबाचं खाणं' म्हणून ताटातून गेली, तेव्हा ती करणाऱ्या किती जणींना आपण विचारलं, की बाई, हे असंच का करतेस?

त्यातल्या काही अजून आहेत. आज फोन करायचाच असेल, तर त्यांना करा.