चार मार्च

४ मार्च २०२२ रोजी पहाटे ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक रॉडनी मार्श अॅडलेडच्या रुग्णालयात वारला. वय ७४. बातमी कळताच शेन वॉर्नने ट्विटरवर त्याला श्रद्धांजली वाहिली. त्याच दिवशी, जेमतेम बारा तासांनी, थायलंडमधल्या को सामुई बेटावर वॉर्न स्वतः गेला. वय ५२. मार्शसाठी लिहिलेल्या त्या चार ओळी हे वॉर्नचं शेवटचं ट्विट ठरलं. त्याच्या चार वर्षं आधी, ४ मार्च २०१८ रोजी, इटलीच्या उदिने शहरातल्या हॉटेलात फ्लॉरेन्सच्या फिओरेन्तिना फुटबॉल संघाचा कर्णधार दाविदे आस्तोरी खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ३१.

तिघांच्या मृत्यूची तारीख एक, हा योगायोग. त्यात संकेत शोधण्यात अर्थ नाही. पण तिघांचंही हृदयच बंद पडलं होतं, ही गोष्ट मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय एकाच दिवशी दोन माणसं गेली की मोठ्या नावाच्या सावलीत दुसरं नाव झाकलं जातं. मार्शचं तसंच झालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिलं पान वॉर्नचं होतं आणि मार्शच्या वाट्याला आतली एखादी चौकट आली. म्हणून इथे सुरुवात मार्शपासून.

मार्शचा जन्म ४ नोव्हेंबर १९४७ चा, पर्थजवळच्या आर्माडेलचा. १९७० साली तो इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरला तेव्हा त्याच्या हातून चेंडू इतके सुटले की वर्तमानपत्रांनी त्याला ‘लोखंडी हातमोजे’ असं टोपणनाव दिलं. चौदा वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा ९६ कसोटींत ३५५ बळींचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. त्यात ३४३ झेल आणि फक्त १२ यष्टिचीत. या दोन आकड्यांवरून त्या काळातला ऑस्ट्रेलियन संघ कळतो. फिरकी नावापुरती, मारा सगळा डेनिस लिली आणि जेफ थॉमसनचा. मार्श यष्ट्यांपासून कितीतरी मागे उभा राहायचा आणि बॅटची कड घेऊन आलेला चेंडू पहिल्या स्लिपच्या पुढ्यातून अंग झोकून उचलायचा. ‘झे. मार्श गो. लिली’ ही नोंद धावफलकांवर ९५ वेळा झाली. लिलीचे कसोटी बळीही नेमके ३५५. जानेवारी १९८४ मध्ये सिडनीला पाकिस्तानविरुद्ध दोघांनी एकाच सामन्यात निरोप घेतला. ग्रेग चॅपलचाही तो शेवटचा सामना.

मार्श डावखुरा फलंदाज होता आणि कसोटीत शतक काढणारा ऑस्ट्रेलियाचा पहिला यष्टिरक्षक. यष्टिरक्षकाने धावाही काढायच्या असतात ही अपेक्षा पुढे त्याच्याच राज्याकडून खेळलेल्या अॅडम गिलख्रिस्टने कळसाला नेली. तिचा पाया मार्शचा.

त्याच्या धावांपेक्षा आणि झेलांपेक्षाही मोलाचा प्रसंग मार्च १९७७ चा आहे. कसोटी क्रिकेटला शंभर वर्षं झाली म्हणून मेलबर्नला ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सामना ठेवला होता. इंग्लंडपुढे ४६३ धावांचं अशक्यप्राय आव्हान होतं आणि डेरेक रँडल एकट्याने ते ओढून नेत होता. तो १६१ वर असताना यष्ट्यांमागे झेल गेला. पंचांनी बोट वर केलं, रँडल तंबूकडे निघाला. चेंडू हातमोज्यात पूर्ण बसण्याआधी जमिनीला लागला होता, हे फक्त मार्शला ठाऊक होतं. त्याने ते सांगितलं आणि रँडलला परत बोलावण्यात आलं. तेव्हा टीव्ही पंच नव्हते. मार्श गप्प बसला असता तर कोणी त्याला विचारलंही नसतं. रँडल पुढे १७४ वर बाद झाला आणि ऑस्ट्रेलियाने सामना ४५ धावांनी जिंकला. त्याच सामन्यात मार्शने नाबाद ११० धावाही काढल्या होत्या, पण सामना आठवायचा तो त्या झेलासाठी.

चार वर्षांनी, १ फेब्रुवारी १९८१ रोजी, त्याच मैदानावर न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. कर्णधार ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला चेंडू हाताखालून सरपटत टाकायला सांगितलं. यष्ट्यांमागे उभा असलेला मार्श नकारार्थी मान हलवत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही. क्रिकेटच्या इतिहासातला तो डाग अजून पुसलेला नाही.

मार्श भारतात कसोटी खेळला नाही. आपल्या प्रेक्षकांना तो आठवतो १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यामुळे. सिडनीत चेंडू लागून जखमी झालेल्या संदीप पाटीलने पुढच्याच कसोटीत, अॅडलेडला, लिलीच्या माऱ्यासमोर १७४ धावा तडकावल्या, तेव्हा यष्ट्यांमागे मार्श होता. निवृत्तीनंतर त्याने अॅडलेडची ऑस्ट्रेलियन क्रिकेट अॅकॅडमी दहाएक वर्षं सांभाळली. पाँटिंग, मॅकग्रा, ब्रेट ली तिथूनच घडले. पुढे त्याने इंग्लंडचीही अॅकॅडमी चालवली. ज्यांना हरवण्यात आयुष्य गेलं त्यांच्या पोरांनाही त्याने हातचं न राखता शिकवलं. मार्शचा विक्रम ऑक्टोबर १९९८ मध्ये इयन हिलीने रावळपिंडीत मोडला. त्यानंतर तब्बल २४ वर्षं ऑस्ट्रेलियाचा संघ पाकिस्तानात खेळायला गेला नाही. तो गेला आणि रावळपिंडीत पहिली कसोटी सुरू झाली, तो दिवसही ४ मार्च २०२२ हाच होता.

वॉर्नबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगावं असं थोडंच आहे. आपल्याकडे तो घरच्यासारखा ओळखीचा होता. १४५ कसोटींत ७०८ बळी हा त्याचा हिशेब. लेगस्पिन ही मेलेली कला आहे असं १९९० च्या सुमाराला जाणकार म्हणत होते, कारण वेगवान गोलंदाजांनी दोन दशकं मैदान व्यापलं होतं. मनगटातून चेंडू वळवणं सगळ्यांत अवघड. जरा चूक झाली की चेंडू एक तर आखूड पडतो, नाही तर फुलटॉस होऊन सीमेपार जातो. वॉर्न रमतगमत काही पावलं चालत यायचा आणि खांद्याच्या अशा ताकदीने चेंडू फिरवायचा की हवेतच तो पायाच्या बाजूला सरकायचा आणि टप्पा पडल्यावर उलट दिशेने वळायचा. ४ जून १९९३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू हा याचा नमुना. अॅशेस मालिकेतला त्याचा पहिलाच चेंडू, लेगस्टंपच्या बाहेर पडला आणि बॅट व पॅड दोन्हींना चकवून ऑफस्टंपच्या टोकाला लागला. गॅटिंग काही क्षण जागचा हलला नाही. त्या एका चेंडूमुळे जगभरच्या गल्ल्यांत पोरं पुन्हा मनगट वळवायला लागली.

भारताविरुद्ध मात्र वॉर्नची जादू क्वचितच चालली. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला तो भारताविरुद्धच पहिली कसोटी खेळला आणि त्याला एकच बळी मिळाला, तोही १५० धावा मोजून. रवी शास्त्रीचा, २०६ धावा झाल्यावर. त्याच डावात अठरा वर्षांचा सचिन तेंडुलकर नाबाद १४८ खेळला. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईने ऑस्ट्रेलियाच्या संघाला दहा गडी राखून हरवलं. सचिन नाबाद २०४, आणि वॉर्न १६ षटकांत १११ धावा देऊन बळीविना. पुढच्याच महिन्यात चेपॉकवर पहिल्या डावात वॉर्नने सचिनला ४ धावांवर उचललं. दुसऱ्या डावात वॉर्नने राउंड द विकेट येऊन लेगस्टंपबाहेरच्या खडबडीत जागेत चेंडू टाकायला सुरुवात केली आणि सचिनने ते वळणाच्या विरुद्ध मिडविकेटवरून भिरकावून दिले. नाबाद १५५. हा मारा नेटमध्ये घोटलेला होता. लक्ष्मण शिवरामकृष्णनला मुद्दाम त्याच जागेत चेंडू टाकायला लावून सचिनने तासन्‌तास सराव केला होता. एवढ्या तयारीला भाग पाडणं हा गोलंदाजाचाच गौरव आहे. वॉर्ननेही सचिनचं श्रेय कधी नाकारलं नाही.

त्याचं आयुष्य निर्मळ नव्हतं. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर बंदी असलेलं औषध घेतल्याचं निघालं आणि वर्षभर त्याला बाहेर बसावं लागलं. परतल्यावर २००५ या एका वर्षात त्याने ९६ कसोटी बळी घेतले. हे दोन्ही त्याच्या नोंदीत राहायला हवं. कसोटीतून निवृत्त झाल्यावर तो २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सचा कर्णधार आणि प्रशिक्षक झाला. या संघाला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. १ जून २००८ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर चेन्नईविरुद्धचा अंतिम सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला आणि विजयी धाव निघाली तेव्हा खेळपट्टीवर सोहेल तन्वीरबरोबर वॉर्न होता. एकोणीस वर्षांच्या रवींद्र जडेजातला ‘रॉकस्टार’ त्याने त्या मोसमातच हेरला. ४ मार्च २०२२ ला मोहालीत विराट कोहलीची शंभरावी कसोटी सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाली आणि रावळपिंडी, दोन्ही मैदानांवर खेळाडू मार्श आणि वॉर्नसाठी स्तब्ध उभे राहिले. ३० मार्चला मेलबर्नच्या मैदानावर वॉर्नला शासकीय निरोप दिला गेला आणि तिथल्या दक्षिणेकडच्या भव्य स्टँडला त्याचं नाव मिळालं.

आस्तोरीचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. तो बचावपटू होता. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, गोल अडवणाऱ्यांचे येत नाहीत. उत्तर इटलीतल्या बेर्गामो प्रांतात जन्म, मिलानच्या कुमार संघात शिक्षण, मग काल्यारी, रोमा आणि २०१५ पासून फिओरेन्तिना. इटलीसाठी १४ सामने आणि एकच गोल. त्या रविवारी उदिनेला सामना होता. सकाळी न्याहारीला सर्वांत आधी येणारा कर्णधार आला नाही, म्हणून सहकाऱ्यांना शंका आली. त्याचं हृदय झोपेतच थांबलं होतं. त्या दिवशीचे लीगचे सगळे सामने पुढे ढकलण्यात आले. अंत्यसंस्कार फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये झाले, जिथे मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत. फिओरेन्तिना आणि काल्यारी, दोन्ही क्लबांनी १३ नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. ११ मार्चच्या सामन्यात तेराव्या मिनिटाला खेळ थांबवण्यात आला. त्या सामन्यातला एकमेव गोल ब्राझीलच्या व्हितोर ह्यूगोने डोक्याने मारला. त्याच्या पाठीवर आकडा होता ३१. गोल झाल्यावर त्याने आस्तोरीच्या छायाचित्राला सलाम केला.

इथे हृदयाचा प्रश्न येतो. वॉर्न आणि मार्श यांना खेळ सोडून बराच काळ झाला होता. त्यांच्या वयाच्या कोणालाही गाठणारा हा आजार आहे. मार्शला २४ फेब्रुवारीला क्वीन्सलंडमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमाला जाताना झटका आला होता. आस्तोरीची गोष्ट वेगळी. तो आदल्या दिवसापर्यंत सराव करत होता. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि त्यात ईसीजी धरलेला आहे. व्हेनेतो या प्रांतात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचं प्रमाण १९७९-८० मध्ये दरवर्षी लाखात ३.६ होतं, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आलं. इतकी कडक व्यवस्था असलेल्या देशातही आस्तोरीच्या हृदयाच्या स्नायूंचा आजार वेळेवर पकडला गेला नाही. त्याला खेळण्यास योग्य ठरवणाऱ्या डॉक्टरला २०२१ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने दोषी ठरवून एक वर्षाची स्थगित शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १२ जूनला कोपनहेगनला युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावरच कोसळला. छाती दाबत राहणं लगेच सुरू झालं, हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र हाताशी होतं आणि तो वाचला. २६ फेब्रुवारी २०२२ ला तो पुन्हा मैदानात उतरला. म्हणजे तपासणी निसटली तरी मैदानावरची पहिली काही मिनिटं माणूस परत आणू शकतात.

गोव्याला हे दुःख परकं नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर दुसरा गोल मारताना गोलरक्षकावर आदळला आणि तिथेच गेला. धेंपोने चषक जिंकला आणि १० नंबरची जर्सी त्याच्या नावाने निवृत्त केली.

दिवाळी सरली की महाराष्ट्रात गावोगाव कबड्डीचे सामने, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, कुस्तीची मैदानं आणि मॅरेथॉन सुरू होतात. बक्षिसाच्या रकमेचे फलक चौकात लागतात, मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला हजारो रुपये मोजले जातात. आयोजकांना एवढंच सांगणं आहे : छाती दाबण्याची रीत शिकलेले दोन कार्यकर्ते मैदानाच्या कडेला उभे ठेवा, विजेचा धक्का देणारं यंत्र जवळच्या दवाखान्यातून मागून आणता येतं का ते आधी विचारा, रुग्णवाहिकेचा रस्ता प्रेक्षकांच्या गाड्यांनी अडणार नाही असा मोकळा ठेवा, आणि खेळाडूंची नावं नोंदवताना त्यांच्या घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का, एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या मुलाला उतरवण्याआधी ईसीजीला पाठवा.