कॉपी मशीनने करावी, निवाडा माणसाने

ऑफिसातलं शेअर्ड फोल्डर म्हणजे नळाचं पाणी. येतंय तोवर कुणी विचारत नाही. व्हीपीएन तुटलं की आठवतं, बादली भरून ठेवायला हवी होती!

ही बादली भरायची सोय विंडोज २००० पासून आहे. नाव ‘ऑफलाइन फाइल्स’. सोय चालू करून फोल्डरवर ‘ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन’ निवडलं की त्याची प्रत आपल्या डिस्कवर येते. नेटवर्क गेलं तरी फाइल त्याच पत्त्यावर उघडते. मशिन्स शेकडो असतील तर अ‍ॅडमिन हेच ग्रुप पॉलिसीतून लावतो.

पण आपल्या जमातीला तयार सोय कधी पुरते? सिंक सेंटरने दोनदा लाल खूण दाखवली की लगेच स्क्रिप्ट लिहायची हौस येते. रोबोकॉपी व्हिस्टापासून विंडोजमध्येच मिळतं. टास्क शेड्यूलरला सांगितलं की स्क्रीन लॉक झाल्या झाल्या ते चालू होतं. तुम्ही चहाला जा, कॉपी होऊन जाते. इथपर्यंत झकास.

घोळ होतो तो स्क्रिप्ट दोन्ही दिशांना चालवली की. समजा, सोमवारी तुम्ही ट्रेनमध्ये बसून लॅपटॉपवरच्या प्रतीत दोन तास आकडे भरले. मंगळवारी सहकाऱ्याने सर्व्हरवरच्या त्याच फाइलमधला एक रकाना बदलला. संध्याकाळी तुम्ही नेटवर्कला जोडले गेलात. ‘जुनी फाइल वगळा’ हा नियम लावलेली स्क्रिप्ट तुमची फाइल वर पाठवत नाही, कारण ती जुनी. मग सर्व्हरची फाइल खाली आणते, कारण ती नवी. सोमवारचे दोन तास दोन्हीकडून गायब. आणि लॉगमध्ये एरर? शून्य!

स्क्रिप्ट चुकली का? नाही. तिने तारखा पाहिल्या. पण दोन प्रती आणि दोन तारखा एवढ्यावरून फाइल दोघांनी बदलली की एकानेच, हे कळूच शकत नाही. त्यासाठी मागच्या सिंकला फाइल कशी होती याची आठवण लागते. रोबोकॉपी ती ठेवत नाही. ऑफलाइन फाइल्स ठेवतं, म्हणूनच ते मध्येच थांबून विचारतं: तुमची ठेवू, सर्व्हरची ठेवू, की दोन्ही? आपल्याला कटकट वाटते तो हाच प्रश्न.

तेव्हा माझं मत सरळ आहे. सर्व्हरवरून खाली आणायचं काम बिनधास्त ऑटोमेट करा, पण ती प्रत फक्त वाचायला. तिच्यात लिहायचंही असेल, तर भांडण ओळखून विचारणारं साधनच वापरा. स्क्रिप्टच हवी असेल तर वर पाठवण्याआधी ‘एल’ स्विच लावून नुसती यादी काढा, सर्व्हरवर मध्ये कुणी हात लावलाय का ते डोळ्यांनी बघा, मगच एंटर मारा.

रोज कोण बघणार, म्हणता? ठीक आहे. मग कुणाचे दोन तास फेकायचे, तेही आत्ताच ठरवून ठेवा.