हायब्रिड मोटार बंद पडते, पुरावा मात्र कंपनीकडेच

बुलडाणा : सुरळीत चालणारी नवी मोटार भर रस्त्यात एकाएकी थांबावी, समोरच्या फलकावर धोक्याचे दिवे लागावेत, टाकीत पेट्रोल असूनही इंजिन सुरू होऊ नये आणि अधिकृत सेवा केंद्रात नेल्यावर ‘कोणताही दोष आढळला नाही’ असे उत्तर मिळावे, हा अनुभव हायब्रिड मोटारींचे अनेक मालक सांगत आले आहेत. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. परंतु त्या बिघाडाची नोंद ज्या संगणकात होते, तो वाचण्याची साधने प्रामुख्याने उत्पादकाच्या यंत्रणेकडेच असतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याचकडे पुरावा मागण्याची वेळ ग्राहकावर येते. मालकांच्या मनस्तापाचे मूळ येथे आहे.

बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या गावांवरून जातो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला अद्याप रेल्वे नाही. त्यामुळे घाटावरच्या तालुक्यांतील माणसाची सारी भिस्त रस्त्यावर आहे. राजूर घाटाच्या चढणीवर मोटारीची शक्ती गेली, तर मागून येणाऱ्या वाहनांचा धोका उभा राहतो. मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. तेथे इंजिन अकस्मात बंद पडणे हा जिवाचा प्रश्न ठरतो.

नाव एक, रचना दोन

‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन भिन्न रचना विकल्या जातात. पहिली सौम्य हायब्रिड. हिच्यात पट्ट्याद्वारे इंजिनाला जोडलेले मोटर-जनरेटर हे छोटे यंत्र इंजिनाला थोडा हातभार लावते, बॅटरी भारित करते आणि सिग्नलवर थांबलेले इंजिन पुन्हा सुरू करते. केवळ विजेवर ही मोटार धावत नाही. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणे हा या रचनेचाच भाग आहे. मात्र हेच यंत्र निकामी झाले तर बॅटरी भारित होणे थांबते आणि इंजिनही बंद पडू शकते.

दुसरी रचना पूर्ण हायब्रिड. २०२२ पासून टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या रूपाने ती भारतीय बाजारात रुळली. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन सुरू करण्याचे कामही उच्च दाबाच्या विजेवर चालणारी मोटरच करते. नेहमीचा स्टार्टर नसतो. म्हणून विजेचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर बिघडला की पेट्रोलने भरलेली टाकीही निरुपयोगी ठरते. नारिंगी वेष्टनाच्या तारांतून जीवघेण्या दाबाची वीज वाहत असल्याने प्रशिक्षण नसलेल्या गावच्या मेकॅनिकने त्यांना हात लावणे योग्य नाही. मालकाचा पिढीजात आधार अशा रीतीने तुटतो आणि दूरच्या सेवा केंद्रावाचून पर्याय उरत नाही.

कंपन्यांचीच कबुली

हे दोष मालकांच्या कल्पनेतले नाहीत. टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातील सुमारे १९ लाख प्रायस मोटारी परत बोलावल्या. संगणकीय प्रणालीतील त्रुटीमुळे विद्युत भाग प्रमाणाबाहेर तापून मोटार थांबण्याची शक्यता होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच कंपनीला २४ लाखांहून अधिक हायब्रिड मोटारी परत बोलवाव्या लागल्या. आधी केलेली दुरुस्ती सर्व परिस्थितींत पुरेशी नव्हती, हे त्यातून उघड झाले.

भारतातही मारुती सुझुकीने डिसेंबर २०१९ मध्ये सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल-६ या ‘स्मार्ट हायब्रिड’ प्रकारच्या ६३ हजार ४९३ मोटारी मोटर-जनरेटरच्या संभाव्य दोषामुळे तपासणीसाठी बोलावल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच भागासाठी १ लाख ८१ हजार ७५४ पेट्रोल मोटारींना बोलावणे गेले. सदोष भाग नोव्हेंबरपासून बदलले जाणार होते. तोवर पाणी साचलेल्या रस्त्यांतून मोटार नेऊ नये, असा सल्ला मालकांना देण्यात आला. पावसाळ्यात नदीनाल्यांवरील पुलांवरून पाणी वाहते अशा गावांतील मालकाला हा सल्ला पाळणे किती शक्य होते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

कायदा काय देतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० (अ) आले. पर्यावरणास, प्रवाशांस वा रस्त्यावरील इतरांस धोका पोचवणारा दोष असल्यास केंद्र सरकार वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील वाहनांबाबत दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र मालकांच्या तक्रारींवरून असा आदेश निघण्यासाठी त्या ठराविक प्रमाणात नोंदल्या जाव्या लागतात. सेवा केंद्रात तोंडी सांगितलेली तक्रार या हिशेबात धरली जात नाही.

वैयक्तिक दादेसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अधिक उपयोगी आहे. मोटार अकोला, नागपूर वा छत्रपती संभाजीनगरहून घेतली असली, तरी बुलडाणा जिल्ह्यातील रहिवाशाला बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदल्याची प्रकरणे तेथे चालतात. दहा ते वीस लाखांच्या मोटारीसाठी शुल्क केवळ ४०० रुपये आहे. तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत करावी लागते. शेगावला येणाऱ्या भाविकांची ने-आण करून स्वतःचे पोट भरणारा टॅक्सीमालकही ‘ग्राहक’ या व्याख्येत बसू शकतो, कारण स्वयंरोजगारातून उपजीविका हा कायद्याने ‘व्यापारी हेतू’ मानलेला नाही.

अडचण पुढे येते. निर्मितीतील दोष सिद्ध करण्याचा भार मुख्यतः तक्रारदारावर असतो. आयोग मोटार प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. परंतु त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरण्यास सांगितले जाऊ शकते. शिवाय मधूनच उद्भवणारा विद्युत दोष तपासणीच्या दिवशी प्रकट होईलच, याची शाश्वती नसते.

म्हणून मालकाने पहिल्या दिवसापासून कागद जपले पाहिजेत. मोटार बंद पडताच ती सुरक्षित जागी घेऊन फलकावरील सूचनांचे छायाचित्र घ्यावे. जॉबकार्डवर ‘सामान्य तपासणी’ असे न लिहू देता ‘चालत्या मोटारीचे इंजिन बंद पडले’ हे स्पष्ट शब्द, तारीख आणि किलोमीटर नोंदवून घ्यावेत. स्कॅनरवर दिसलेले दोष-संकेतांक पुसण्यापूर्वी त्यांची छापील प्रत मागावी आणि नकार मिळाल्यास ही मागणी ई-मेलने पुन्हा करावी.

तथापि सारा भार मालकावर टाकून चालणार नाही. दोष-संकेतांकांची प्रत ग्राहकाला देणे कंपन्यांना बंधनकारक करावे आणि नोंदल्या गेलेल्या तक्रारींची संख्या मॉडेलनिहाय जाहीर करावी, या दोन गोष्टी शासनाच्या हातातल्या आहेत. इंधनाची बचत हे हायब्रिड मोटारीचे खरे बलस्थान आहे आणि ग्राहक त्यासाठी जादा किंमतही मोजतो. त्या किमतीत बिघाडाचे कारण जाणून घेण्याचा हक्क अंतर्भूत असलाच पाहिजे.