फादर सांतापाव आणि आपली कारवी

वाचकहो, तुमच्यापैकी सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना कारवीची ओळख करून द्यायला नको. घराचा नाही तर गोठ्याचा तरी कूड कारवीचा, वरून शेणमातीचा गिलावा. याच कारवीच्या फुलोऱ्याच्या नोंदी मोठ्या हौसेने जमवणारे एक गृहस्थ मूळचे स्पेनचे होते आणि कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ सालचा. १९४० पासून ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. तिथे त्यांच्याआधी फादर ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केलेला होता. सांतापावांनी त्यात खंडाळ्याची भर घातली. डोंगर पायी हिंडायचा, फांदी फुलाफळासह तोडायची, कागदात दाबून वाळवायची आणि जागा व तारीख लिहून ठेवायची. दिसायला सोपे, पण भर पावसाळ्यात खंडाळ्यात कागद कोरडा ठेवून पाहा! या खटाटोपातून १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे पुरंदरच्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले.

आता कारवीकडे वळू. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. डोंगरच्या डोंगर जांभळानिळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, मग बोंडे धरतात आणि झाड वाळून जाते. पुढच्या पावसात बोंडे तडकून बी उडते आणि सगळी रोपे एकदमच उगवतात. साहजिकच पुढचा बहरही एकदमच. एवढे बी एकाच वेळी पडले, की पाखरांनी-किड्यांनी कितीही खाल्ले तरी उरतेच. पण एका डोंगराचे साल दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, म्हणून या नोंदींचे मोल. कारवी आणि बांबू यांच्या अशा सामुदायिक फुलोऱ्यावर फादरांनी १९६२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. तुमच्या डोंगरावर कारवी शेवटची कधी फुलली? घरातल्या आजीला विचारा, आणि सांगेल ते साल वहीत टिपून ठेवा.

फादर पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईतच ते वारले. गुराखी पोरे ज्याचा कंद उकरून खातात त्या कंदीलपुष्पाच्या कुळातल्या, आपल्याच सह्याद्रीतल्या एका वेलीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे : सेरोपेजिया सांतापावी.