चित्रांकडे पाठ फिरवणारे रसिक

‘मिरवायला का होईना, लोक प्रदर्शनाला येतात ना? त्यांच्या पैशावरच चित्रकार जगतात,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अर्धे म्हणणे मला मान्य आहे. चित्रकारालाही घरभाडे असते, विकत घेणारा हवाच. पण उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रांकडे पाठ करून फोटो काढून घेणारे बहुतेक जण काहीच विकत घेत नाहीत. त्यांना कोण आले आहे ते पाहायचे असते आणि आपण आलो हे दाखवायचे असते.

मग राजेरजवाड्यांचा दाखला येतो. प्रतिष्ठेसाठी आश्रय देणे जुनेच, हे खरे. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली, त्यात बडोद्याचा मान होताच. पण त्या हौसेतून चित्रे जन्माला आली. नुसत्या हजेरीतून काय येते?

अशा मिरवण्याने तोटा काय म्हणाल तर, चित्राबद्दल बोलणेच खुंटते. उरते ती किंमत. वासुदेव गायतोंड्यांचे नाव निघाले की २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या चित्राला मिळालेले २९ कोटी आठवतात. दिल्लीच्या निजामुद्दीन भागात एकांतात राहून वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणारा, रंगाचे थर लावत नि खरवडत बसणारा माणूस त्या आकड्याखाली गाडला जातो.

याहून मोठा अपराध मला वेगळाच वाटतो. मुंबईच्या काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, आत जायला तिकीट नाही. तरी समोरच्या फुटपाथवरून रोज जाणारा कारकून, विद्यार्थी, दुकानातला नोकर पायऱ्या चढत नाही. ‘आपल्याला त्यातले काय कळतेय?’ ही भीती त्याच्या मनात या मिरवणाऱ्यांनीच घातली आहे. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले चित्रकार कृष्णाजी आरा घरगडी म्हणून राबले, त्यांनी मोटारी धुतल्या. अशा माणसाने जी कला उभी केली, ती पाहायला कपड्यांची आणि ओळखीची अट कशाला?

म्हणून उद्घाटनाचा दिवस सोडा. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा. सगळी दालने पालथी घालू नका. एकाच चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहा. चित्रकार बहुधा तिथेच बसलेला असतो. त्याला मराठीत विचारा, हा रंग इथे का? नाही आवडले तर तसेही सांगा.