ऐकणाऱ्यांची व्यवस्था

मनाच्या दुखण्यांविषयी मराठी समाजात आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलले जाते हे खरे असले, तरी त्या बोलण्याचा रोख बहुधा लाज सोडून मदत मागण्याच्या आवाहनापाशीच थांबतो. मदत मागायला निघालेल्या माणसाला ती आपल्या तालुक्यात, आपल्या भाषेत आणि परवडेल अशा रीतीने मिळते का, हा त्यापुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्य आणि चिंताविकार यांसारख्या ज्या विकारांना त्यांच्या व्यापक आढळामुळे ‘सामान्य मानसिक विकार’ म्हटले जाते, त्यांनी ग्रासलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना राहतात. प्रस्तुत अंकाचा विशेष विभाग या उपेक्षेला, आणि तीवर गोव्यात सापडलेल्या एका उत्तराला वाहिलेला आहे.

संवादोपचार म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक पद्धतीने, ठरावीक सत्रांत, रुग्णाशी बोलून केलेला उपचार. वडीलधाऱ्यांचा उपदेश किंवा स्नेह्यांचा दिलासा यांची गरज तो नाकारत नाही, परंतु त्यांच्याहून तो वेगळा असतो. कारण त्यात रुग्णाच्या अडचणीची मांडणी, सत्रांदरम्यान करावयाचा सराव आणि सुधारणेचे मोजमाप या तिन्ही गोष्टी आधीपासून निश्चित केलेल्या असतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी घटनेपेक्षा त्या घटनेविषयीच्या अविवेकी समजुतींना दुःखाचे मूळ मानते, ती कि. मो. फडके यांच्या लेखनातून आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभारलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या कार्यातून मराठी वाचकांच्या परिचयाची झाली आहे. हा वारसा मोलाचाच आहे. मात्र त्याचा लाभ अजूनही मुख्यतः शहरांना आणि वाचणाऱ्या वर्गाला मिळतो.

गोव्यातील ‘संगत’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, नेमकी हीच मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत थांबण्याऐवजी, मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून घडवावे आणि त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी सहा ते आठ सत्रे घ्यावीत, अशी ती योजना होती. झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, ‘टेन्शन’ आहे, अशा शब्दांत माणसे जे सांगतात, तेथूनच संभाषण सुरू करायचे, आजाराचा शिक्का मारण्याची घाई करायची नाही, हे पथ्य तीत पाळले गेले. उपचाराचा गाभा ‘वर्तन-सक्रियण’ या तत्त्वात होता. खिन्न माणूस हळूहळू कामे आणि भेटीगाठी टाळू लागतो, टाळल्यामुळे समाधानाचे प्रसंग कमी होतात आणि खिन्नता आणखी वाढते. म्हणून मन उभारी धरेल तेव्हा कामाला लागू, असे न म्हणता, रुग्णासाठी अर्थपूर्ण असलेली लहानशी कृती आधी ठरवायची आणि तिचा मनःस्थितीवर होणारा परिणाम पुढच्या सत्रात त्याच्यासह तपासायचा.

नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य आढळलेल्या ४९५ व्यक्तींवर या उपचाराची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ डॉक्टरांची सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठीच्या जोडचाचणीतील यश अधिक माफक, ३६ विरुद्ध २६ टक्के, असे होते. त्याआधी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत समुपदेशकांच्या साहाय्याचा लाभ सरकारी आरोग्य केंद्रांत स्पष्ट दिसला, परंतु खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. हे अपयश मानण्याचे कारण नाही. ओळखीचा डॉक्टर जेथे रुग्णाला आधीच वेळ देतो, तेथे समुपदेशकामुळे पडणारी भर कमी असणे स्वाभाविक आहे, आणि गर्दीच्या सरकारी केंद्रातच त्याची सर्वाधिक निकड आहे, असा त्याचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमातही हीच दिशा होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कर्ज आणि पाऊस यांची उत्तरे समुपदेशनात नाहीत, आणि तसे भासवणे हा शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. तरीही कर्जाच्या ओझ्याखाली झोप हरवलेल्या माणसाला त्याच्या गावातच कोणीतरी शिस्तीने ऐकून घ्यावे, हा त्याचा हक्क आहे. त्याचप्रमाणे, तीव्र आजारात औषधांची आणि मनोविकारतज्ज्ञांची जागा संवादोपचार घेऊ शकत नाही, आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर विलंब न लावता वैद्यकीय मदत घेतली पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून मोफत साहाय्य मिळते. परंतु दूरध्वनीवरील संभाषण आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या सत्रांची गरज भागवू शकत नाही. गोव्याच्या प्रयोगातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग येथे विचारात घ्यावा लागतो: समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकत, त्यांचे गुणांकन करत आणि त्यांतील उणिवांवर चर्चा करत; उपचाराचा दर्जा राखला जात होता तो या नियमित परीक्षणामुळे. आधीच अनेक कामांनी वाकलेल्या आशा कार्यकर्त्यांवर हे काम चार दिवसांच्या शिबिरानंतर फुकटात लादले, तर त्यातून उपचार न घडता त्याची नक्कल घडेल. त्यामुळे या कामाचे वेतन, प्रशिक्षण आणि परीक्षणासाठी राखीव वेळ यांचा खर्च राज्याच्या आरोग्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवला जावा, अशी या अंकाची स्पष्ट मागणी आहे.