औषधी कंपनीचे संकेतस्थळ : विक्रीचे दालन की चिकित्सेचे अंग?



गतवर्षी आयुर्वेदीय औषधे निर्माण करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने आपल्या संकेतस्थळाचे परीक्षण करण्यासाठी तीन वैद्यांना पाचारण केले. त्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होता. ‘हे काम संगणकतज्ज्ञांचे, वैद्यांनी त्यात काय पाहावे?’ असे एका स्नेह्यांनी विचारलेही. परंतु निमंत्रण स्वीकारण्यास एक कारण घडले होते.

त्यापूर्वी काही महिने एक निवृत्त गृहस्थ पायाच्या अंगठ्याला व्रण घेऊन चिकित्सालयात आले होते. उपाशीपोटी रक्तशर्करा ३०० च्या वर. चौकशी करता कळले की, ‘मधुमेह समूळ नष्ट’ हे शब्द वाचून त्यांनी औषध घरपोच मागविले आणि पूर्वीच्या गोळ्या आपल्या मनानेच बंद केल्या. शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने अंगठा वाचला, परंतु दोन महिने गेले. ते शब्द ज्या संकेतस्थळावर होते, तेच आता परीक्षणासाठी माझ्यापुढे आले होते.

रुग्णपरीक्षेसाठी आपण दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांचा आश्रय करतो. आम्ही येथेही तोच क्रम ठेवला. प्रथम साध्या भ्रमणध्वनीवर सर्व पाने पाहिली, मग सामान्य ग्राहक म्हणून औषध मागवून पाहिले, आणि शेवटी दूरध्वनीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारले.

दर्शनात आढळले ते असे. मुखपृष्ठावर कारखान्याची इमारत व संस्थापकांचे तैलचित्र. औषधांची माहिती मात्र इंग्रजीत. मराठी पाने होती, पण ती २००६ च्या सुमारास जुन्या टंकात तयार करून चित्ररूपाने चढविलेली. डोळ्यांना मराठी दिसे, परंतु शोधयंत्राला त्यातील एकही अक्षर वाचता येत नसे. ज्या जिल्ह्यांत या कंपनीची औषधे पिढ्यानपिढ्या चालतात, तेथील मराठी वाचकाला तिचे संकेतस्थळ सापडतच नव्हते. युनिकोडमध्ये मजकूर पुन्हा टंकित करणे हा यावरचा उपाय. तो अल्पखर्चाचा आहे. मात्र टंकित करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य वैद्याने तपासावे, असा आग्रह आम्ही धरला.

स्पर्शनात अधिक गंभीर गोष्टी समोर आल्या. आरोग्यवर्धिनी आणि त्रिभुवनकीर्ती ही औषधे च्यवनप्राशाइतक्याच सहजतेने मागविता आली. पहिलीत पारद आहे, दुसरीत हिंगूळ व वत्सनाभ. ही द्रव्ये औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये येतात आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. वेष्टनावर ती होतीच. परंतु जेथे ग्राहक निर्णय घेतो त्या पानावर ती नव्हती. पैसे भरून झाल्यावर, डबी हाती आल्यावर वाचावयाची सूचना ही सूचना कशी म्हणावी? घटकद्रव्ये, ग्रंथाधार, मात्रा, अनुपान, गर्भिणी व बालकांसंबंधी निषेध यांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी बहुतेक पानांवर नव्हत्या. शास्त्रोक्त कल्प कोणता आणि कंपनीचा स्वतःचा योग कोणता, हेही कळत नव्हते.

प्रश्नपरीक्षेने तर डोळेच उघडले. ‘पित्ताचे औषध’ म्हणून मागणी आली की आम्लपित्ताच्या गोळ्या पाठविल्या जात. परंतु आपल्या लोकांच्या बोलीत घशाशी आंबट येणे हे पित्त आणि अंगावर गांधी उठणे हेही पित्तच! शीतपित्ताच्या रुग्णाने हा शब्द लिहिला तर त्याच्या हाती भलतेच औषध पडणार. शास्त्रीय संज्ञांच्या जोडीला रुग्णाचे शब्द वापरावेत आणि अशा द्व्यर्थी शब्दापाशी दोन लक्षणे विचारून मगच पुढे जावे, अशी सूचना आम्ही केली. संपर्कासाठी दिलेला ई-पत्ता नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा निघाला. तेथे साठलेल्या पत्रांत औषध सुरू केल्यावर उलट्या झाल्याची एका मातेची तक्रार अनुत्तरित पडून होती.

दाव्यांच्या प्रश्नावर बैठकीत खडाजंगी झाली. विक्रीप्रमुखांचे म्हणणे सरळ होते : ‘इतर सर्व कंपन्या लिहितात; आम्ही शब्द काढले तर ग्राहक त्यांच्याकडे जाईल.’ ही भीती खोटी नाही, आणि तीस-चाळीस कुटुंबे ज्या कारखान्यावर जगतात तेथे ती हसण्यावारी नेता येत नाही. परंतु औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या अनुसूचीतील ५४ व्याधींत मधुमेह, रक्तदाबाचे विकार, स्थौल्य हे सर्व येतात. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसाठी २०१८ मध्ये आलेला नियम १७० वगळण्याची अधिसूचना १ जुलै २०२४ रोजी निघाली व त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, हे आपण जाणतोच. तो नियम राहो वा जावो, १९५४ चा कायदा त्यावर अवलंबून नाही. आणि कायद्याहूनही मोठा प्रश्न आप्तत्वाचा आहे. ज्याचे वचन निःशंक मानावे तो आप्त, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. मग आपल्या शास्त्राच्या नावाने बोलणारे पान अनाप्त कसे चालेल?

कंपनी आजवर किती लोकांनी संकेतस्थळ पाहिले एवढेच मोजत होती. आम्ही वेगळी मोजणी सुचविली : किती शंकांना वैद्याने दोन दिवसांत उत्तर दिले, किती जणांना औषधाऐवजी प्रत्यक्ष तपासणीचा सल्ला दिला, किती उपद्रवांची नोंद होऊन ती औषधसुरक्षा केंद्राकडे गेली. दर सहा महिन्यांनी एका वैद्याने सर्व पाने वाचून आपल्या नावानिशी व दिनांकासह खाली नोंद करावी, हीही सूचना होती.

कंपनीने सर्वच मान्य केले असे नाही. ‘समूळ नष्ट’ हे शब्द गेले, मराठी पाने नव्याने झाली, त्या मातेला विलंबाने का होईना उत्तर व क्षमायाचना गेली. विषद्रव्ययुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीविना पाठवू नयेत, ही शिफारस मात्र अद्याप ‘विचाराधीन’ आहे. ती मान्य होईपर्यंत काम पूर्ण झाले असे मी मानणार नाही.

जाता जाता एक गोष्ट आपल्या घरातली. परतल्यावर मी स्वतःच्या चिकित्सालयाचे पान उघडले. त्यावर ‘संधिवातावर खात्रीशीर उपचार’ असे होते. मजकूर करणाऱ्या मुलाने लिहिले आणि मी न वाचताच होकार दिला होता. ‘खात्रीशीर’ हा शब्द त्याच रात्री काढला. वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण या चार पादांवर चिकित्सा उभी राहते. रुग्ण आज आपल्या दारी येण्यापूर्वी आपल्या पानावर येतो, म्हणजे चिकित्सेचा आरंभ तेथेच होतो. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पान रुग्णाच्या दृष्टीने एकदा वाचावे, एवढीच विनंती.